ह्यो बार, ह्यो डोंगर

आबा,

काल दुपारी वॉर्डात एक बाई माझी वाट बघत उभी होती. तिच्या नवऱ्याला परवा चौघांनी दोरीने बांधून आणलं. बाईचा डावा डोळा सुजून बंद झालेला, आणि उरलेल्या एका डोळ्याने ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू गुण येणारी पुडी माझ्या एप्रनच्या खिशातच आहे. "सिस्टर, ह्यांना कुटला इलाज लागू पडंल?" तिने विचारलं. या नोकरीत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की उत्तर तोंडात तयार असतं: डॉक्टर सांगतील. काल मात्र मी तिच्याशेजारी बाकावर बसले आणि विचारलं, "ते मारतात कधी?" बाई म्हणाली, "कवा म्हंजी? मारत्यात तवा मारत्यात." मग स्वतःशीच आठवत असल्यासारखी बोलायला लागली. ती काय बोलली ते तिचं आहे, तुम्हाला सांगत नाही. पण तिचं ऐकताना मला आपलं घर आठवलं. आपल्या घरात हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता, आणि उत्तर तर रोज दुपारी अख्ख्या गावाला ऐकू येत होतं.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी आधी तुमचे हात कुठे आहेत ते बघते. ते रिकामे आहेत का, जवळ काय पडलंय, दार कोणत्या बाजूला आहे. हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की वॉर्डात त्याचा उपयोग होतो. नव्या पोरी रोग्याच्या तोंडाकडे बघतात, मी हाताकडे बघते. माझ्या कामाचं कौतुक होतं तेव्हा मला तुमचा राग येतो. आणि राग आला की लगेच तुमचे ते दुसरे हात आठवतात, आधीचे.

वलवणच्या पलीकडे आपलं गाव, मागे डोंगर, आणि डोंगराच्या कुशीत दगडाची खाण. थोडं भात पिकायचं, बाकी तुम्ही खाणीवर. तुमचा जोडीदार डोंगरातल्या वाडीवरचा. तो दगडावर पहार धरून बसायचा आणि तुम्ही वरून घण घालायचात. पहार धरणाऱ्याने घणाकडे बघायचं नसतं, तो भोकाकडे बघतो, आणि मारणाऱ्यावर आपले पंजे सोपवून मोकळा होतो. इतक्या वर्षांत तुमचा घण त्याच्या बोटाला लागला नाही. आई कौतुकाने म्हणायची, "ह्यांचं लगीन माज्याशी झालंय का त्याच्याशी, कळत न्हाई." तो आला की गूळ मागायचा, आणि माझ्या वाटणीचा गूळ मुद्दाम माझ्यासमोर खायचा.

सुरुंगाची भोकं भरून झाली की दुपारी, मजूर भाकरी खायला लांब गेले की, वाती पेटवायच्या. मग ओळीने बार उडायचे. जितके भरले तितके मोजून पुरे झाले की तुम्ही शिटी द्यायचीत, आणि मग माणसं आत जायची. मोजणीत एखादा कमी आला तर कुणी पाऊल टाकायचं नाही. मोजणारे तुम्ही. सकाळी निघताना मला सांगून जायचात, "आज पाच हायेत," "आज चार हायेत." मी उंबऱ्यावर बसायची, आणि तुम्ही खाणीतून आणलेल्या पांढऱ्या गारगोट्या माझ्या मांडीवर असायच्या. एक बार, एक गारगोटी. तुमचा आकडा आणि माझी ओळ जुळली की मी आईला ओरडून सांगायची, आबा येणार. एकदा रजेच्या दिवशी तुम्ही माझ्याशेजारी बसून मोजत होतात, दुसरा कुणी मोजणारा तिकडे होता, आणि मी मध्येच काहीतरी विचारलं. तुम्ही माझ्या तोंडावर हात दाबलात. बार संपल्यावर म्हणालात, "मोजताना बोलायचं न्हाई. कायबी झालं तरी." रागावला नव्हतात. पण ते शब्द माझ्यात खिळ्यासारखे बसले.

त्या दिवशी सात होते. काम त्या आठवड्यात खाणीच्या वळणात सरकलं होतं, तिन्ही बाजूंनी कडा असलेल्या बेचक्यात. बार उडाले, तुम्ही शिटी दिलीत, तुमचा जोडीदार नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे आत गेला, आणि आत एक सुरुंग जिवंत होता. त्याला खाली आणला तो गोणपाटात. गोणपाट तुम्ही उचललं होतं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीत. तुमच्या सदऱ्यावर, दाढीत, कानाच्या पाळीवर त्याचं रक्त वाळलं होतं, आणि आई धुवायला पाणी घेऊन आली तर तुम्ही तांब्या भिंतीवर फेकलात. गाव म्हणालं, सकाळीच घेतली असणार. तुम्ही कामावर कधी घेत नव्हतात हे गावाला ठाऊक होतं, तरी म्हणालं. वाडीवरून त्याची बायको आली, गोणपाटाकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं, आणि पोरांना घेऊन डोंगरापलीकडे माहेरी निघून गेली.

खाण महिनाभर बंद राहिली, तोवर तुम्ही नुसते बसून होतात. मग एका दुपारी पुन्हा बार उडाले. आई चुलीपुढे भाकरी थापत होती, तुम्ही समोर जेवत होतात. पहिला बार झाला तेव्हा तुमचा घास हातात राहिला. दुसऱ्याला तुम्ही उठलात. आईच्या पुढ्यातली काथवट पिठासकट उचललीत आणि तिच्या डोक्यावर हाणलीत. एकदा, मग परत, बारामागे एक. ती आडवी झाली तरी तुम्ही मारत होतात, आणि तुमचे ओठ हलत होते. मी तुमच्या पायाला मिठी मारली तर तुम्ही मला केसांना धरून दाराबाहेर फेकलंत. बार संपले. तुम्ही काथवट खाली ठेवलीत आणि आईजवळ बसून विचारलंत, "काय झालं गं तुला?" तिच्या कानातून रक्त पिठात झिरपत होतं. त्या कानाने तिला पुन्हा ऐकू आलं नाही. पुढे ती शेजारणींना सांगायची, "एका बाजूनं तरी बार यायचा बंद झाला, बरंच हाये की." त्या हसायच्या. मला अजून हसू येत नाही.

मग ते रोजचंच झालं. दुपार होत आली की आई मला गोठ्यात ढकलायची, कोयता, विळा, मुसळ गवताखाली दडवायची. तुम्ही बैलाला मारलंत, दाराला मारलंत, गवंडी बोलावून बांधलेली भिंत बुक्क्यांनी फोडत बसलात, तेव्हा हाताची हाडं दिसायला लागली होती. एकदा मी गोठ्यातून लवकर बाहेर आले, आणि तुम्ही माझा गळा धरलात. तुमचे डोळे माझ्यावर होते आणि मी त्यांत नव्हते. कशामुळे सोडलंत ते माहीत नाही. आई म्हणते, बार थांबले म्हणून.

परंदवडीहून मामा आला. तो शहाणा माणूस, पण आधी देवरुशाकडेच गेला. सगळं गावच तसं करायचं, आणि मी त्याला दोष देत नाही. देवरुशाने तुमच्याकडे बघून सांगितलं, वारलेला जोडीदार धरून बसलाय. देवळापुढे तुम्हाला खांबाला बांधलं, तोंडाखाली मिरच्यांची धुरी दिली, आणि वेताच्या छडीने पाठ फोडली. "कोन हायेस तू? काय पायजे तुला?" तो विचारायचा. तुम्ही खोकत, लाळ गाळत म्हणालात, "मारा मला." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच, "मला मारा." आपल्याकडे एकदा माणूस झाड ठरला, म्हणजे त्याला भुताने धरलं असं ठरलं, की त्याच्या तोंडचं काहीच त्याचं धरत नाहीत. सगळं आतल्याचं. जमलेले लोक म्हणाले, भूतच मार मागतंय, द्या. आणि दिला. तिथे आबा स्वतः बोलतायत असं एकालाही वाटलं नाही. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा खरं ते मोठ्याने सांगितलंत आणि त्यावर वेताच्या छड्या मोडल्या. मी लिंबू-नारळाची टोपली धरून उभी होते. तुमच्या पाठीवरची सालं निघताना मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं, तेही सांगून टाकते. आईचा कान आठवत होता.

पाठ भरून आली, दुपार तशीच राहिली. मग तळेगावच्या वैद्यांकडे. त्यांनी तुमचं डोकं भादरून टाळूवर तेलाची धार धरायला सांगितली. ते तुम्हाला आवडायचं. घरी आई धार धरायची आणि तुम्ही लहान पोरासारखे डोळे मिटायचात. त्यातून झोप लागायला लागली, अन्न अंगी लागायला लागलं. वैद्य भला माणूस होता. पण अन्न अंगी लागल्यावर मार जास्त बसायला लागला, हे आईने त्यांना सांगितलं नाही, त्यांना वाईट वाटलं असतं म्हणून.

शेवटी आईचा हात मोडलात तेव्हा मामाने तुम्हाला शहरात नेलं, वेड्यांच्या इस्पितळात. तिथे विजेचे झटके दिले. तेव्हा भूल न देताच द्यायचे, चौघांनी धरायचं, तोंडात रबर कोंबायचं. मी आता तेच काम करते, आबा. डोक्याशी उभी राहून जबडा धरते. म्हणून नीट सांगते: झटक्याने उठून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. विहिरीकडे धावणारी एक बाई होती, अन्न सोडलेली, ती महिन्याभरात केस विंचरायला आरसा मागायला लागली. तिला तोच इलाज होता. तुमचा तो नव्हता. तुम्ही परत आलात तेव्हा बैलाचं नाव विसरला होतात, विहिरीची वाट विसरला होतात, मला "कुनाची गं तू?" म्हणालात. आम्हाला वाटलं, तेही गेलं असेल. दुपारी पहिला बार झाला आणि तुम्ही पाटा उचललात. डोकं विसरलं होतं, हात विसरले नव्हते. त्या दिवशी आईने मला सांगितलं, "आता एक तर ह्ये जातील न्हाई तर मी." ती रडत नव्हती. पाट्याचा उडालेला टवका शोधत होती.

त्याच सुमाराला ती वाडीवर परत आली. तुमच्या जोडीदाराची बायको. माहेरी भावजयांशी पटेना, म्हणून पोरांना घेऊन आली आणि लावणीला जायला लागली. एका दुपारी आपल्या अंगणात येऊन उभी राहिली. आई मला गोठ्याकडे लोटत होती. बाई सरळ तुमच्यापुढे गेली आणि म्हणाली, "माज्या धन्याला आत कुनी धाडला?" दोन वर्षांत हे तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "म्या." तिने पायातलं पायतान काढलं आणि तुमच्या तोंडावर मारलं. तोंडावर, मानेवर, डोक्यावर, दमेपर्यंत मारत राहिली. तुम्ही हात वर केला नाहीत. आई मध्ये पडायला निघाली आणि थांबली. तुमच्या नाकातून रक्त आलं. आणि तिकडे खाणीत वाती पेटवायची हाक झाली.

मी गोठ्याच्या दारात होते. तुमचे हात उठताना दिसले मला. तिलाही दिसले. ती मागे सरली नाही, तिने तुमची दोन्ही मनगटं धरली. भात लावून चिरलेले तिचे हात. म्हणाली, "मोजा. त्या दिशी कसं मोजलं ते दावा मला. माज्याम्होरं मोजा."

पहिला बार झाला. "येक," तुम्ही म्हणालात. "दोन." "तीन." "चार." तिने मान हलवली. "ह्यो न्हवं. ह्यो डोंगर." तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात. पुढचा झाला. "ह्यो बार," ती म्हणाली, आणि मागोमाग, "ह्यो डोंगर." ती वाडीवर वाढलेली, डोंगराचा आवाज तिच्या कानात लहानपणापासूनचा. वळणातल्या कड्यावरून एखाद्या बाराचा आवाज फिरून येत होता, मूळ बारासारखाच. तुम्ही खाली बसलात. "सात मोजले म्या. देवाशपत सात मोजले. सातवा डोंगर व्हता." आणि अंगणातल्या दगडावर कपाळ आपटायला लागलात. तिने तुम्हाला थांबवलं नाही. आईने आणि मी मिळून धरलं. रक्ताने तुमचे डोळे भरले होते, आणि त्या रक्ताखाली, कितीतरी दिवसांनी, तुम्ही मला ओळखलंत. माझं नाव घेतलंत.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. आईने विचारलं, "आता काय गं?" ती म्हणाली, "मला बी या वक्ताला घरात बसवत न्हाई. पोरांवर हात उठतो." मग आईशी म्हणाली, "तुमच्या मान्साची दया आलेली न्हाई मला. गैरसमज नको." आणि अंगणात तुमच्यासमोर बसली, मधे हातभर अंतर ठेवून. बार सुरू झाले की तुम्ही दोघं मोठ्याने म्हणायचात. ह्यो बार. ह्यो डोंगर. सुरुवातीला तुम्ही किंचाळायचात, मुठी जमिनीवर आपटायचात, एकदा तिला ढकललंत, तिने परत पायतान काढलं. मग हळूहळू नुसता आवाज राहिला, मग नुसते ओठ. ती पावसाळाभर येत होती, हिवाळ्यात येत होती. आईने रोज तांब्या पुढे केला आणि तिने रोज नको म्हटलं. आपल्या घरचं पाणी ती प्यायली नाही. तुमच्या दहाव्यालाही आली, लांब उभी राहिली, तेव्हाही नाही.

तुम्ही पूर्ण बरे झालात असं मी म्हणणार नाही. घाटात अवेळी कुठे बार उडाला की आई अजून मुसळाकडे धावायची, आणि एकदा उशीर झाला तेव्हा तिचे पुढचे दात गेले. पण विळा पुन्हा आढ्याला अडकवायला लागलो आम्ही. मी शाळा पुरी केली. मग दगडाची धूळ तुमच्या छातीत बसली आणि तुम्ही खोकत खोकत गेलात, घरात, अंथरुणावर, आईच्या मांडीवर. आपल्या घराला तेवढंही मिळेल असं वाटलं नव्हतं. कालच्या त्या बाईला मी हे सगळं सांगितलं नाही. तिच्या घरी डोंगर नसेल, दुसरंच काही असेल. मी डॉक्टरांना एवढंच म्हटलं की झटक्यांच्या आधी तिचं एकदा बसून ऐका. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण उद्या सकाळी बोलावलंय.

आता जे लिहायला बसले ते. शेवटच्या आजारात तुम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायचात, "माज्या जागी दुसरा कुनी असता तर त्यानं डोंगर वळखला असता." तुमच्या जोडीदाराची बायको तेव्हा डोंगराकडे बघायची. आईला काय माहीत असणार. आणि मी पायाशी बसून तुमच्या तळव्यांना तेल लावत असायची.

आबा, दुसरं कुणीतरी होतं. त्या दिवशी मी उंबऱ्यावर बसले होते, तुमच्याच कानांनी शिकलेली. बार थांबले तेव्हा माझ्यापुढे सात गारगोट्या होत्या. मी आईला ओरडून सांगितलंही, आबा येणार. मग तो शेवटचा आवाज आला आणि माझ्या हातात ठेवायला जागा नसलेली एक गारगोटी राहिली. मीही डोंगर मोजला होता. गाव तुम्हाला दारुडा म्हणत होतं तेव्हा ती ओळ उंबऱ्यावरच होती. तुम्ही अंगणात "सात मोजले" म्हणून कपाळ फोडत होतात तेव्हा ते माझ्या जिभेवर होतं. नंतर तुम्ही शांत झालात तेव्हा वाटलं, कशाला परत उकरायचं, हात उठले तर. भीती होती, दुसरं काही नाही. पण मी स्वतःला कारण वेगळं सांगितलं, आणि अजून तेच सांगते. बार मोजताना बोलायचं नाही, असं तुम्हीच शिकवलं होतं.